घर नवे, गल्ली जुनी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. पण दुसऱ्याने बांधलेले घर विकत घ्यायचे झाले तर ते कसे पाहावे, हे कोणत्याच म्हणीत सांगितलेले नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत, चांगले सात महिने मी तेच शिकत होते. शिकवणारे बरेच भेटले. एक इंजिनिअर, एक वकील, बँकेचा माणूस, आणि सगळ्यांत जास्त शिकवले ते शेजारच्या अज्जींनी.

आम्ही टिळकवाडीत सव्वीस वर्षे भाड्याने राहिलो. मालकांनी जागा बिल्डरला द्यायचे ठरवले आणि साठी उलटल्यावर आमच्यावर बिऱ्हाड हलवायची वेळ आली. ह्यांच्या फंडाचे पैसे, माझ्या शाळेच्या नोकरीतली शिल्लक आणि मुलाच्या नावे कर्ज, असा मेळ बसवला. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांचे एकच म्हणणे, “त्या लिफ्टच्या पेटीत मी चढायची नाही. गल्लीतलं घर बघा. दारात बसलं की चार माणसं दिसली पाहिजेत.” सूनबाई गोकाककडची. तिला हवे होते उजेडाचे स्वयंपाकघर, चांगले बाथरूम आणि दोन गाड्या लावायला जागा. म्हणजे एकीला जुनी गल्ली हवी, दुसरीला नवे घर. दोन्ही एकत्र मिळेल असे घर शेवटी शहापुरात सापडले.

शहापूर बेळगावला लागून असले तरी त्याची चाल वेगळी. स्वातंत्र्यापूर्वी ते सांगली संस्थानात होते. माग, साड्या आणि सराफी यांवर वाढलेली ही पेठ. इथल्या गल्लीत एका घरात मराठी, पुढच्या घरात कन्नड आणि दोन्ही घरांच्या कट्ट्यावर दोन्ही भाषा. अशाच एका गल्लीत जुना वाडा पाडून २०१५ साली बांधलेले हे दुमजली घर. खाली गाडीपुरती जागा, हॉल, स्वयंपाकघर, मागे धुण्याची जागा. वर तीन खोल्या. आणि गच्चीवर आणखी एक. सांगितलेली किंमत साडेएकसष्ट लाख.

मे महिन्यातले घर आणि जुलैतले घर

पहिल्यांदा घर पाहिले ते मे महिन्यात, भर दुपारी. नवा रंग, चकचकीत फरशी, स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइटचा कट्टा. सूनबाई नळ सोडून बघत होती, मी कपाटे उघडून बघत होते. मनातल्या मनात मी देवघर कुठे मांडायचे तेही ठरवले. गल्ली कशी शांत शांत होती.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कळले, त्या दिवशी माग बंद होते. आता दोन घरे सोडून मागांचा खडखडाट चालला होता. मला त्याचे काही वाटले नाही, सासूबाईंना तर ते गाणेच वाटले. पण मुलाला रात्री कॉम्प्युटरवर काम असते. म्हणून पुढे एकदा रात्री नऊला, एकदा सकाळी सातला आणि एकदा गणपतीच्या दिवसांत मांडव पडल्यावर जाऊन आलो. मांडव पडला की आपली गाडी कुठे लावायची, हे दलाल सांगत नाही.

खरी परीक्षा झाली जुलैत. बेळगावचा पाऊस कुणाची भीड ठेवत नाही. चार दिवस झड लागली होती, तेव्हा मी मुद्दाम छत्री घेऊन गेले. मेमध्ये रंग लावून झाकलेला कोपरा आता ओला होऊन बोलायला लागला होता. कपाटाच्या मागच्या भिंतीला कुबट वास येत होता. गच्चीवर एका बाजूला पाणी साचले होते, आणि त्याच्याच बरोबर खाली बेडरूमच्या छताला पिवळट डाग होता. ओळखीच्या एका इंजिनिअर मुलाला सोबत नेले होते. त्याने सांगितलेले साध्या भाषेत सांगते. गिलाव्याला केसासारख्या बारीक चिरा असतील तर घाबरू नये. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर, बोटाचे नख शिरेल एवढी रुंद असेल, तर थांबावे. कॉलमला उभी चीर आणि तिथे गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर तिथून परतच यावे. असे इथे काही नव्हते. गळतीचे काम गच्चीचा उतार नीट करून होण्यासारखे होते.

मग तो मागच्या धुण्याच्या जागेत गेला आणि खिशातल्या किल्लीने फरशीवर टकटक करत चालू लागला. एका ठिकाणी आवाज बदलला. पोकळ. तिथे फरशी दोन बोटे खचलेलीही होती.

अज्जींचा प्रश्न

मी बाहेर आले तर शेजारच्या दारात एक अज्जी उभ्या. कौलारू घर, मातीच्या भिंती, पुढे सोपा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “नीर एल्लि होगतैति, मदल अदन्न नोडव्वा.” पाणी कुठे जातंय, आधी ते बघ गं बाई.

मी बघितले. नव्या घराचे जोते रस्त्यापेक्षा तीन फूट उंच. साहजिकच आहे, दर काही वर्षांनी डांबराचा थर वर थर पडून रस्ते उंच होत गेले आणि जुनी घरे खाली राहिली. नवे बांधणारा उंचच बांधणार. पण दोन घरांमधला जो दीड हाताचा बोळ, त्यात नव्या घराच्या गच्चीचे सगळे पाणी पडत होते आणि जोत्यावरून सरळ अज्जींच्या मातीच्या भिंतीत मुरत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पाण्याने हाहाकार केला, कितीतरी मातीची घरे पडली, ते आपल्याला आठवतच असेल. अज्जींची मागची भिंत त्याच पावसात खाली आली होती. पुन्हा उभी केली, पण तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद.

हे ऐकल्यावर मला कळले की आपण घराची किंमत ठरवतो आहोत, पण घराबरोबर एक भांडणही आपल्या नावावर होणार आहे. ते कोणत्याच उताऱ्यावर चढत नाही.

अज्जींनी आत बोलावले. चहा झाला. त्या कन्नडमधून बोलत होत्या, मध्येच मराठीत येत होत्या. “त्या वाड्यात मागं आड होता. ह्या गल्लीतल्या सगळ्यांनी त्याचं पाणी प्यालंय. मी लग्न होऊन आलो तवापासून तिथंच भरतो होतो. नळाला पाणी नव्हतं त्या वर्षीसुदिक आटला नाही. वाडा पाडला आणि त्यातच सगळी माती-दगडं टाकून बुजवलं.”

पोकळ आवाजाचे उत्तर मिळाले. बेळगावच्या विहिरींची आपल्याला एरवी आठवण येत नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, एवढे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण घरोघरचे आड मात्र फरशीखाली गेले.

निघताना अज्जी सहज म्हणाल्या, “तिघं पोरं त्या आडाभोवती खेळून मोठी झाली. दोघं पोरगं आणि एक पोरगी. पोरगी नागपंचमीला आली की आधी आडाला हळदी-कुंकू वाहायची.”

मी “होय का” म्हणून पायऱ्या उतरले. घरी पोचेपर्यंत त्या ‘तिघं’चा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

दोन भाषांतली कागदपत्रे

आपल्या भागात घराचे कागद वाचायला एका भाषेने भागत नाही. या घराचा सर्वांत जुना कागद १९४३ चा, सांगली संस्थानच्या काळातला, मोडीत लिहिलेला. शाळेतल्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी तो वाचून दिला. त्यात आडाचा उल्लेख होता आणि शेजारच्या घराचा त्यावर पाणी भरण्याचा हक्कही लिहिला होता. मधले काही कागद बाळबोध मराठीत. आणि १९५६ नंतर हळूहळू कन्नड. अलीकडचे सगळेच कन्नडमध्ये. चतुःसीमेला तिथे ‘चेक्कुबंदी’ म्हणतात, खरेदीपत्राला ‘क्रयपत्र’, बोजा दाखवणाऱ्या दाखल्याला ‘ऋणभार प्रमाणपत्र’. मी शहापूरच्या बाजारात कन्नड फाडफाड बोलते, पण कोर्टकचेरीची कन्नड वाचताना अडखळते. ते काम सूनबाईचे. जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे कागद, माझ्यापुढे वही, अशा आम्ही तीन रात्री बसलो.

आम्ही काय काय पाहिले ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. सिटी सर्व्हेचा उतारा, त्यावरचे नाव आणि मोजमाप. महापालिकेचे ई-खाते, ते आता नोंदणीला लागतेच, पण खाते म्हणजे घरपट्टीसाठीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे, हे वकिलांनी बजावले. तीस वर्षांचे ऋणभार प्रमाणपत्र. मंजूर नकाशा. नकाशा उघडला तर गच्चीवरची खोली त्यात नव्हतीच, आणि मागे सोडायची जागा बांधकामाने गिळली होती. बँकेच्या माणसाने मूल्यांकन करताना ती खोली धरली नाही. तेवढे कर्ज कमी झाले. विकणाऱ्याने मात्र किंमत लावताना ती धरली होती.

तिसऱ्या रात्री २००९ चे वाटणीपत्र निघाले. वडील २००७ मध्ये गेले, आई त्यांच्या आधीच. त्यानंतर भावाभावांत वाटणी: थोरल्याला वाडा, धाकट्याला शेत. सूनबाई वाचता वाचता थांबली. “अत्ती, इल्लि इब्बर हेसर अष्ट अदाव्री.” इथे दोघांचीच नावे आहेत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरही दोघेच.

तेव्हा मला अज्जींचे ‘तिघं’ आठवले.

साठ हजारांची सही

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली हा भेद गेला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या नोंदणीकृत वाटण्यांना हात लागत नाही. ही वाटणी २००९ ची. “बहिणीची सही हवी. आज ती काही बोलणार नाही, उद्या तिची मुले बोलतील. ऋणभार प्रमाणपत्रात झालेले व्यवहार दिसतात. न घेतलेली सही त्यात दिसत नाही.”

विकणाऱ्यांना विचारले. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना मनापासून नवल वाटले. “तिचं लग्न अठ्ठ्याऐंशी साली थाटात करून दिलंय की. दर दिवाळीला साडी जाते. ती कशाला काही मागंल?” मग थोडे थांबून म्हणाले, “असं करू या. चार लाख कमी करतो. ह्याच महिन्यात रजिस्ट्री करून टाकू. तिची सही मागनं घेऊ.”

चार लाख! त्या रात्री आमच्या घरात बराच वेळ चर्चा झाली. मुलगा म्हणाला, तिला घर नकोच असेल तर आपण कशाला उकरून काढायचे? ह्यांचे म्हणणे, चार लाखांत गच्ची होईल, रंग होईल, वर पैसे उरतील. सासूबाई गप्प होत्या. मीही गप्प होते, पण माझ्या गप्प बसण्याचे कारण वेगळे होते.

माझे माहेर निपाणीचे. वडील गेल्यावर वर्षाच्या आत भावाने जेवायला बोलावले, पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर एक कागद पुढे ठेवला. मी सही केली. हक्कसोडपत्र होते. वहिनीने ओटी भरली, साडी दिली. भावावर माझा राग नाही, आजही भाऊबीजेला मी जाते. त्याने मागितला असता तर वाटा मी आनंदाने सोडलाही असता. पण सही करण्याआधी “तुला काय वाटतं?” एवढे कुणी विचारले नव्हते, आणि वीस वर्षे झाली तरी ते आठवते. हे मी घरात कधी बोलले नव्हते. त्या रात्री बोलले.

मग सासूबाई म्हणाल्या, “त्या पोरीला विचारल्याशिवाय त्या घरात माझा देव ठेवू नका.” विषय तिथे संपला.

आम्ही कळवले, बहिणीची सही असेल तर घेतो, नाही तर नाही. विकणारे रागावले. ऑगस्ट गेला, फोन नाही. त्यातच ३१ ऑगस्ट २०२५ पासून राज्यात नोंदणी फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली. साठ लाखांच्या व्यवहारावर साठ हजार रुपये जास्त. मुलाने कॅलेंडर दाखवत म्हटले, “आई, ही सही आपल्याला साठ हजारांना पडली.” त्याच्यावर मुद्रांक शुल्क पाच टक्के आणि वरचे उपकर-अधिभार धरले तर एकूण खर्च साडेचार लाखांच्या पुढे जातो. घराचा हिशेब मांडताना ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी, ऐनवेळी धावाधाव होते. पन्नास लाख किंवा त्यावरच्या खरेदीत विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का आयकर कापून आपणच भरायचा असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन महिने आम्ही दुसरी घरे पाहिली. एकही पसंत पडले नाही. दिवाळी आली. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्यांचा फोन. आवाज उतरलेला होता. “विचारलं मी तिला,” ते म्हणाले, “रडली. मी समजलो पैशासाठी. तर म्हणाली, विचारलास ह्यासाठी.”

नोंदणीच्या दिवशी

नोव्हेंबरमध्ये सब-रजिस्ट्रार कचेरीत व्यवहार झाला. किंमत साठ लाख. बुजवलेल्या आडावरची जमीन खणून, खडी घालून, दाबून पुन्हा फरशी करण्यासाठी आणि बोळातल्या पाण्यासाठी त्यांनी दीड लाख कमी केले होते. त्या सवलतीतले चार लाख मात्र गेले. खरेदीपत्रात विकणारे म्हणून दोन्ही भाऊ आणि बहीण अशा तिघांची नावे लिहिली. बहिणीच्या नावाचा आठ लाखांचा वेगळा चेक होता. कायद्याने निघाला असता त्यापेक्षा तो कमीच. पण तो आकडा तिला विचारून ठरला होता.

बाई साठीच्या, माझ्याच वयाच्या. फोटो आणि अंगठा झाल्यावर त्यांनी विचारले, घर एकदा बघून जाऊ का? आम्ही सगळे मिळून गेलो. त्या हॉलमध्ये थांबल्या नाहीत, वरही गेल्या नाहीत; सरळ मागे गेल्या आणि धुण्याच्या जागेत उभ्या राहिल्या. “इथंच की?” एवढेच म्हणाल्या. मी हळदी-कुंकवाचा करंडा आणून दिला. त्यांनी वाकून त्या खचलेल्या फरशीवर दोन बोटे टेकवली.

आता आम्ही तिथे राहतो. पहिले काम केले ते पन्हळीचे. गच्चीचे पाणी पाइपने पुढे गटारात सोडले आणि बोळात आमच्या बाजूने सिमेंटचा उतार काढला. सगळे मिळून अठ्ठावीस हजार खर्च आला. अज्जींनी ते काम उभे राहून करवून घेतले, गवंड्याला दोनदा उतार बदलायला लावला. आता दुपारी त्या आणि सासूबाई आमच्या पायरीवर बसतात. एक कन्नडमध्ये सांगते, दुसरी मराठीत उत्तर देते. दोघींनाही कमी ऐकू येते, त्यामुळे गप्पा अख्ख्या गल्लीला कळतात. गच्चीवरची खोली नकाशात नाही ती नाहीच. तिथे आम्ही कपडे वाळवतो. मागांचा आवाज मुलाला अजून सवयीचा झालेला नाही.

तुम्हीही अशा जुन्या वस्तीतले नवे घर पाहायला जाणार असाल, तर इंजिनिअर न्या, वकील न्या, कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारे माणूस न्या. उन्हात पाहिलेले घर पावसात पुन्हा पाहा. आणि एवढे सगळे झाले की शेजारच्या दारात जाऊन चहा घ्या. या वास्तूत किती मुले वाढली, एवढे विचारा. मग तो आकडा कागदावरच्या सह्यांशी जुळवून पाहा.